आरोपी भारताचा नागरिक नसेल तर? गोंदियाची तिबेटी वसाहत, मोफत वकील आणि 'गुन्हा कबूल'ची खरी किंमत

कोर्टात एखादा छोटा गुन्हा कबूल करायचा, हजार-दोन हजारांचा दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं. अनेकांना हा सुटकेचा सोपा मार्ग वाटतो. तारखांचे हेलपाटे नाहीत, वकिलाची फी नाही, मजुरीचा खाडा नाही.

पण आरोपी भारताचा नागरिक नसेल, तर दंडाची पावती हातात पडली म्हणून प्रकरण संपत नाही. त्याच निकालावर बोट ठेवून त्याची देशात राहण्याची परवानगी अडवता येते, व्हिसा रद्द करता येतो, 'भारत सोडा' अशी नोटीसही देता येते. कोर्टाने दिलेली शिक्षा छोटी असते, पण तिच्या मागून येणारा परिणाम आयुष्य बदलणारा असू शकतो.

म्हणूनच अशा आरोपीच्या वकिलाचं काम फक्त 'सुटणार की नाही' एवढं सांगण्यापुरतं नसतं. 'सुटल्यावर किंवा शिक्षा भोगल्यावर तू या देशात राहू शकशील का?' या प्रश्नाचं उत्तरही त्याला द्यावं लागतं. हा प्रश्न विमानतळ असलेल्या महानगरांपुरता नाही. गोंदिया जिल्ह्यातही तो आहे, आणि तिथे तो जास्तच गुंतागुंतीचा आहे.

थोडक्यात

- भारतात मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी नागरिक असण्याची अट नाही.
- गोंदिया जिल्ह्यात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यातले काही जण कागदावर 'परदेशी' असले तरी कायद्याने जन्मापासून भारतीय नागरिक असू शकतात.
- १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. त्यात तुरुंगवास आणि मोठ्या दंडाची तरतूद आहे.
- गुन्हा कबूल केल्यावर अपिलाचा रस्ता जवळजवळ बंद होतो.

गोंदियात परदेशी नागरिक कुठून आले?

१९५९ मध्ये दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले. त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी आले. केंद्र सरकारने वेगवेगळ्या राज्यांकडून जमीन घेऊन त्यांच्या वसाहती वसवल्या. महाराष्ट्रातली वसाहत १९७२ मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगाव परिसरात उभी राहिली. तिचं नाव नोर्ग्येलिंग. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वसाहतही या जिल्ह्यात आली.

महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी विदर्भात ओळखलं जाणारं प्रतापगड ते हेच. वसाहतीतले लोक शेती करतात. हिवाळ्यात अनेक जण स्वेटर विकायला शहरांमध्ये जातात. विदर्भातल्या शहरांत थंडीच्या दिवसांत दिसणारा तिबेटी स्वेटर बाजार सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

पन्नासहून अधिक वर्षं इथे राहूनही कायद्याच्या भाषेत यातले बहुतेक जण 'परदेशी' आहेत. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे 'निर्वासित' हा शब्द रोज वापरात असला, तरी कायदा माणसाला दोनच खान्यांत बसवतो: नागरिक किंवा परदेशी.

तिबेटी व्यक्तीचं इथलं राहणं दोन कागदांवर अवलंबून असतं. पहिला कागद म्हणजे आरसी, अर्थात नोंदणी प्रमाणपत्र. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. ठरावीक मुदतीनंतर आरसीचं नूतनीकरण करावं लागतं. दुसरा कागद म्हणजे आयसी, म्हणजेच आयडेंटिटी सर्टिफिकेट. परदेश प्रवासासाठी पासपोर्टऐवजी ते वापरलं जातं. त्याच्या रंगामुळे तिबेटी लोक त्याला 'यलो बुक' म्हणतात.

आता यातून फौजदारी प्रकरण कसं उभं राहू शकतं, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. आरसीची मुदत संपली आणि नूतनीकरण राहून गेलं. बाजारात दुकानाच्या जागेवरून हाणामारी झाली. आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट काढताना 'भारतीय' असं लिहिलं आणि नंतर त्यावर आक्षेप आला. यातल्या प्रत्येक प्रकरणात वकिलाला भारतीय आरोपीच्या बाबतीत कधीच पडत नाहीत असे प्रश्न पडतात.

पहिला प्रश्न: हा माणूस खरंच परदेशी आहे का?

गुन्हा काय, कलम कोणतं, जामीन मिळेल का, हे प्रश्न नंतरचे. अशा प्रकरणात वकिलाने सगळ्यात आधी विचारायला हवं: जन्म कुठे झाला आणि कधी झाला?

कारण नागरिकत्व कायदा, १९५५ मधलं कलम ३. भारतात जन्मलेल्या व्यक्तीला जन्माने नागरिकत्व मिळतं का, हे तिच्या जन्मतारखेवर ठरतं.

- २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७: या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक आहे. आई-वडील कोणत्या देशाचे, हे पाहिलं जात नाही. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांची मुलं असे मोजके अपवाद सोडले, तर हा नियम सरसकट आहे.
- १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४: आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असायला हवा.
- ३ डिसेंबर २००४ नंतर: दोघंही नागरिक हवेत. किंवा एक जण नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

हे नियम नोर्ग्येलिंगला लावून पाहिले की चित्र बदलतं. समजा, वसाहतीत १९८० साली एका मुलीचा जन्म झाला. आई-वडील तिबेटमधून आलेले. तिच्याकडे आरसी आहे, त्यावर 'तिबेटी' लिहिलेलं आहे. तरीही कायद्याने ती जन्मापासून भारतीय नागरिक आहे. तिला १९९९ मध्ये इथेच मुलगा झाला असेल, तर आई नागरिक असल्यामुळे तोही नागरिक आहे. घरात दोघांकडेही परदेशी असल्याचे कागद आणि कायद्यात दोघंही भारतीय, अशी ही विचित्र स्थिती.

हा नुसता तर्क नाही. १९८६ साली हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पासपोर्ट नाकारण्यात आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २०१० रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. आयसीच्या अर्जात स्वतःला 'तिबेटी' म्हटलं म्हणून जन्माने मिळालेलं नागरिकत्व सोडलं असं होत नाही, हा त्या निकालातला कळीचा मुद्दा होता. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि २०१६ मध्ये पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयाने हीच दिशा कायम ठेवली.

फौजदारी खटल्यात या मुद्द्याचं वजन मोठं आहे. परदेशी नागरिकांसाठीचा कायदा परदेशी व्यक्तीलाच लागू होतो. आरोपी नागरिक ठरला, तर 'मुदतीपेक्षा जास्त राहिला', 'नोंदणी केली नाही' असे आरोप मुळातच टिकत नाहीत.

पण इथे एक अडचण आहे. एरवी गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची असते. 'मी परदेशी नाही' हे मात्र त्या व्यक्तीलाच सिद्ध करावं लागतं. १९४६ च्या जुन्या कायद्यात हेच होतं, नव्या कायद्यातही हेच आहे. त्यामुळे जन्म दाखला, ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीतली नोंद, रुग्णालयाचे कागद, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, शाळा सोडल्याचा दाखला यांतला प्रत्येक कागद महत्त्वाचा ठरतो. हे कागद गोळा करायला वेळ लागतो. म्हणून हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा असतो, निकालाच्या आदल्या दिवशी नाही.

नागरिकत्वाचा दावा करणं हा निर्णयही सोपा नाही. २०१७ मध्ये तिबेटी अर्जदारांसमोर पासपोर्टसाठी अटी आल्या होत्या: आरसी आणि आयसी परत करायची, वसाहतीत राहणं सोडायचं आणि निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडायचे. ज्याचं घर आणि शेती वसाहतीत आहे, त्याच्यासाठी ही किंमत मोठी आहे. वकिलाने दोन्ही बाजू समोर ठेवायच्या असतात. निर्णय अशिलाचा असतो.

मोफत वकील परदेशी माणसालाही मिळतो?

हो. राज्यघटनेतले काही हक्क फक्त नागरिकांसाठी आहेत. देशात कुठेही राहण्याचा आणि फिरण्याचा हक्क देणारं कलम १९ हे त्यातलं एक. पण जीवित आणि स्वातंत्र्याचं रक्षण करणारं कलम २१ आणि अटक झाल्यावर वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क देणारं कलम २२ मधली भाषा 'व्यक्ती'ची आहे. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नागरिक असो वा नसो, कलम २१ चं संरक्षण प्रत्येकाला आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मध्येही मोफत मदत कोणाला मिळते याची यादी आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीत असलेली व्यक्ती आणि उत्पन्न मर्यादेखालची व्यक्ती. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. कोठडीत असलेल्या व्यक्तीला आणि महिलांना उत्पन्नाची अट लागत नाही. या संपूर्ण यादीत 'भारतीय नागरिक' ही अट कुठेच नाही.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण मुंबईचंच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातला पाकिस्तानी दहशतवादी अजमल कसाब याला खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सरकारी खर्चाने वकील देण्यात आला. २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्याची फाशी कायम ठेवतानाच सर्वोच्च न्यायालयाने एक नियम घालून दिला. आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जातं, तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क आहे आणि परवडत नसेल तर तो मोफत मिळेल, हे सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. कसाबला जे मिळालं, ते वसाहतीतल्या स्वेटर विक्रेत्याला मिळणं हा उपकार नाही.

लोकअभिरक्षक म्हणजे कोण?

पूर्वी मोफत कायदेशीर मदत म्हणजे पॅनेलवरचा वकील. तो आपली खासगी प्रॅक्टिस सांभाळून ही प्रकरणं लढायचा. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नालसाने, नवी पद्धत आणली. आता जिल्ह्यात पूर्णवेळ बचावाचे वकील नेमले जातात. महाराष्ट्रात त्यांना 'लोकअभिरक्षक' म्हणतात. मुख्य, उप आणि सहाय्यक अशी त्यांची रचना असते. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी प्रकरणांचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो.

सोप्या भाषेत, सरकारच्या बाजूने जसा सरकारी वकील, तसा आरोपीच्या बाजूने लोकअभिरक्षक. रिमांड, जामीन, खटला, अपील असं सगळं काम हे कार्यालय करतं. त्याचा कारभार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालतो, तर तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते.

अशिलाने एक भीती मात्र मनातून काढायला हवी. 'आरसी संपली आहे हे वकिलाला सांगितलं, तर तो पोलिसांना सांगेल' असं अनेकांना वाटतं. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने त्याला संरक्षण दिलं आहे. मोफत मिळालेल्या वकिलालाही हेच लागू होतं.

२०२५ चा नवा कायदा काय सांगतो?

परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे रद्द करून संसदेने इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ मंजूर केला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यातल्या मुख्य शिक्षा अशा आहेत:

- वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना प्रवेश: ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- बनावट पासपोर्ट, व्हिसा किंवा प्रवासाची कागदपत्रं वापरणं: किमान २ ते कमाल ७ वर्षं कैद आणि १ लाख ते १० लाख रुपये दंड.
- व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त राहणं किंवा अटी मोडणं: ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तुलनेसाठी, नोंदणी न केल्याबद्दल १९३९ च्या कायद्यात कमाल १ वर्ष कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होता.

कायद्यासोबत सप्टेंबर २०२५ मध्ये सूट देणारा आदेशही आला. नेपाळ आणि भूतानचे नागरिक, ठरावीक तारखेआधी आलेले श्रीलंकन तमिळ, पाकिस्तान-बांगलादेश-अफगाणिस्तानातले ठरावीक अल्पसंख्याक आणि तिबेटी यांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून त्यात सूट आहे. पण तिबेटींची सूट नोंदणी केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्र घेतलेल्यांसाठी आहे. म्हणजे सगळा डोलारा पुन्हा आरसीवर उभा. म्हणून आरसीच्या नूतनीकरणाला परिणाम होईल असा कोणताही निकाल तिबेटी आरोपीसाठी दंडापेक्षा कितीतरी महाग पडतो.

परदेशी व्यक्तीला देशाबाहेर पाठवण्याचा सरकारचा अधिकार फार व्यापक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मधल्या हान्स म्युलर प्रकरणापासून मान्य केलं आहे. शिक्षा भोगून झाल्यावर परत पाठवणीची व्यवस्था होईपर्यंत माणसाला पुन्हा बंदिस्त ठेवलं जाऊ शकतं. पुढे कधी नागरिकत्वासाठी अर्ज करायचा झाला, तर 'चांगलं चारित्र्य' ही अट आड येऊ शकते. या गोष्टी निकालपत्रात लिहिलेल्या नसतात. म्हणून त्या आधीच सांगणारा कोणीतरी लागतो.

'गुन्हा कबूल आहे' म्हणण्याआधी

आरोपीने कोर्टात गुन्हा कबूल केला की पुराव्याची तपासणी होत नाही. कोर्ट थेट शिक्षा सुनावू शकतं. त्यानंतर अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतं. 'मी गुन्हा केलाच नव्हता' किंवा 'मी तर भारतीय नागरिक होतो' हे सांगायचा नेहमीचा रस्ता बंद होतो. मग नागपूर खंडपीठात वेगळी दाद मागत बसावं लागतं.

भारतात २००६ पासून प्ली बार्गेनिंगचीही सोय आहे. आरोप मान्य करून कमी शिक्षेवर तडजोड करायची, असा हा प्रकार. ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी तो खुला आहे. महिलांविरुद्धचे आणि १४ वर्षांखालच्या मुलांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत त्यासाठी अर्ज करावा लागतो. शिक्षा कमी होते हे खरं, पण दोषी ठरल्याची नोंद राहते. परदेशी नागरिकासाठी खरी अडचण त्या नोंदीची आहे.

मग वकील काय करू शकतो? पर्याय आहेत, आणि त्यांचा परिणाम सारखा नाही.

तडजोड: साधी मारहाण, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), यासारख्या गुन्ह्यात फिर्यादीशी तडजोड करता येते. अशी तडजोड झाली की कायद्याने त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा असतो. बाजारातल्या भांडणात दंड भरून मोकळं होण्यापेक्षा हा मार्ग परदेशी आरोपीसाठी कितीतरी सुरक्षित आहे.

परिवीक्षा: अपराधी परिवीक्षा कायदा, १९५८ नुसार कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता अशा व्यक्तीला लागू होत नाही, असं या कायद्याचं कलम १२ सांगतं.

गुन्हा रद्द करणं: आरोपच पायाहीन असेल, तर उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. गोंदियासाठी म्हणजे नागपूर खंडपीठात.

खटला लढवणं: कधी कधी दोन वर्षं तारखा झेलणं हाच शहाणपणाचा मार्ग असतो. पण तो का, हे अशिलाला समजेल अशा भाषेत सांगायला हवं. मराठी-हिंदी नीट न समजणारी व्यक्ती असेल, तर दुभाषी मागणं हे वकिलाचं काम आहे.

जामिनात वेगळं काय असतं?

'परदेशी आहे, पळून जाईल' हा सरकारी पक्षाचा नेहमीचा युक्तिवाद. पण जामिनाच्या अटींनाही मर्यादा आहेत. एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात, फ्रँक व्हायटस विरुद्ध नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो, सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दोन अटी काढून टाकल्या. एक, गुगल मॅपवर स्वतःचं लोकेशन तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल असं ठेवण्याची. दुसरी, आरोपी देश सोडणार नाही असं दूतावासाचं प्रमाणपत्र आणण्याची. दूतावासाने प्रमाणपत्र देणं आरोपीच्या हातात नसतं, त्यामुळे ते मिळालं नाही म्हणून जामीन अडवता येत नाही.

याच प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. परदेशी आरोपीच्या जामीन अर्जात नोंदणी अधिकाऱ्याला पक्षकार करण्याची गरज नाही. मात्र जामीन मिळाल्यावर त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची आहे. म्हणजे जामिनावर सुटलेल्या माणसाची फाइल दुसऱ्या टेबलावर उघडू शकते, हे वकिलाने आधीच सांगून ठेवायला हवं.

ज्याला दूतावासच नाही, त्याचं काय?

परदेशी नागरिकाला अटक झाली, तर त्याच्या देशाच्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क त्याला आहे आणि तो हक्क त्याला सांगावा लागतो. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ हेच सांगतं. मराठी वाचकांना हे कलम एका नावामुळे माहीत आहे: कुलभूषण जाधव. पाकिस्तानने जाधव यांना हा हक्क नाकारला म्हणून भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचा निकाल दिला.

तिबेटी आरोपीच्या बाबतीत मात्र हे कलम हातात येऊनही उपयोगाचं नसतं. तिबेटचा दूतावास नाही. चीनच्या दूतावासाला कळवणं म्हणजे ज्याच्यापासून पळून आले त्यालाच पत्ता देणं. त्यामुळे व्हिसावर आलेल्या इतर परदेशी व्यक्तीच्या मागे जसं एखादं सरकार उभं राहतं, तसं इथे कोणी नसतं. अशा वेळी लोकअभिरक्षक हाच आरोपीचा पहिला आणि बऱ्याचदा एकमेव आधार उरतो.

अमेरिकेत हा सल्ला सक्तीचा कसा झाला?

भारतात हा विषय अजून चर्चेत आलेला नाही. अमेरिकेत मात्र त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांशीही त्याचा थेट संबंध आहे.

होजे पाडिया हे मूळचे होंडुरासचे. चाळीसहून अधिक वर्षं अमेरिकेत कायदेशीर राहिलेले, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात असलेले. गांजा वाहतुकीच्या प्रकरणात त्यांनी गुन्हा कबूल केला. इतकी वर्षं इथे आहात, तर इमिग्रेशनची काळजी करू नका, असं त्यांच्या वकिलाने सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्या कबुलीमुळे त्यांना देशाबाहेर पाठवणं जवळजवळ अटळ झालं. ३१ मार्च २०१० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'पाडिया विरुद्ध केंटकी' प्रकरणात ठरवलं की गुन्हा कबूल करण्याआधी देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका अशिलाला सांगणं हे बचावाच्या वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे.

त्यानंतर तिथल्या अनेक सरकारी बचाव कार्यालयांनी इमिग्रेशन कायदा जाणणारे वकील नेमले. एका दिवसाने काय फरक पडतो, हे त्यांना माहीत असतं. अमेरिकी कायद्यात चोरीसाठी एक वर्ष किंवा त्याहून जास्त शिक्षा सुनावली गेली, तर ती भोगावी लागली नाही तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने तो गंभीर गुन्हा ठरतो. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१५ पासून किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६५ ऐवजी ३६४ दिवस केली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तेच केलं. एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या व्यक्तीवर दुकानातल्या छोट्या चोरीचा आरोप आला, तरी हाच हिशोब लागू होतो.

गोंदियासाठी याचा अर्थ काय?

भारतात पाडियासारखा निकाल नाही. पण त्यासाठी निकालाची वाट पाहायची गरजही नाही. लोकअभिरक्षक कार्यालयात पहिल्या भेटीच्या वेळी भरल्या जाणाऱ्या माहितीत जन्मतारीख, जन्मस्थळ, आई-वडिलांचा जन्म आणि आरसीची मुदत हे चार रकाने असले, तरी बरंच काम होईल. ज्या जिल्ह्यात तिबेटी वसाहत आहे, आणि ज्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावंही आहेत, तिथे नागरिकत्वाचा कागद हा फक्त दिल्लीतल्या चर्चेचा विषय नाही.

अशी वेळ आली तर

- अटक झाल्यावर किंवा चौकशीला बोलावल्यावर १५१०० या नालसाच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात थेट अर्जही देता येतो.
- पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर 'मला वकील हवा आहे' एवढं म्हणणं पुरेसं आहे.
- वकिलाला आरसी, आयसी, जन्म दाखला, शाळेचा दाखला आणि आई-वडिलांचे कागद दाखवावेत. मुदत संपलेला कागदही लपवू नये.
- समजत नसलेल्या भाषेतल्या कागदावर सही करू नये. दुभाषी मागावा.
- गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला एकच प्रश्न विचारावा: 'यानंतर माझ्या इथे राहण्याचं काय होईल?' उत्तर लगेच मिळालं नाही, तर पुढची तारीख मागावी.